परदेश दौऱ्याहून आलेल्या मुख्याध्यापकाला वेळापत्रक बदलू देणार का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना परदेशी अभ्यासदौऱ्यावर पाठवावं की नाही, या विषयावरची वाचकांची पत्रं मी इंग्लंडमध्ये बसून वाचत असते. दोन्ही बाजू आता पाठ झाल्या आहेत. एक म्हणते, सरकारी खर्चानं सहल. दुसरी म्हणते, जग बघितल्याशिवाय डोळे कसे उघडणार? जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत प्राथमिक शिक्षकांच्या फिनलंड दौऱ्यावरून राज्य सरकार आणि नायब राज्यपाल यांच्यात जुंपली, तेव्हाही हेच दोन सूर होते. पुढच्याच महिन्यात पंजाबनं ३६ प्राचार्य सिंगापूरला धाडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच राज्याचे ७२ प्राथमिक शिक्षक फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात जाऊन आले. विमानतळावरचे फोटो सगळीकडे छापून आले. परत आल्यावर त्यांना आपल्या शाळेत काय बदलू दिलं, हे मात्र वाचायला मिळत नाही. अशाच एका देवाणघेवाणीत मी होते, म्हणून हे पत्र.

माझी ओळख थोडक्यात. मिरज तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, कोल्हापूरला बी.एड. केलं, काही वर्षं सांगलीत गणित शिकवलं आणि लग्नानंतर इकडे आले. इथे वर्गातली मदतनीस म्हणून सुरुवात केली. आता रेडिंगजवळच्या एका प्राथमिक शाळेत उपमुख्याध्यापिका आहे. ही देवाणघेवाण झाली ती इंग्लंड आणि शांघाय यांच्यात. ज्या इंग्रजांकडून शिकायला आपले लोक येतात, तेच इंग्रज तेव्हा चीनकडून गणित शिकायला निघाले होते.

त्याला कारण होतं. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये शांघायला गणितात ६१३ गुण मिळाले, ब्रिटनला ४९४. निकाल २०१३ च्या डिसेंबरात लागला आणि इथल्या वर्तमानपत्रांनी सरकारला धारेवर धरलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेव्हाच्या शिक्षण राज्यमंत्री एलिझाबेथ ट्रस स्वतः शांघायला जाऊन शाळा बघून आल्या. त्यानंतर ठरलं की इंग्लंडचे शिक्षक तिकडे जातील आणि तिकडचे शिक्षक इकडे येऊन आमच्या मुलांना शिकवतील. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या दौऱ्यांत तो जवळजवळ नसतोच.

सुरुवातीच्या वर्षांतल्या एका तुकडीत मी गेले. आमच्या मुख्याध्यापिका आल्या नाहीत, आणि त्यांचा या प्रकारावर फारसा विश्वासही नव्हता. ‘चाळीस मुलं रांगेत बसवून घोकंपट्टी करून घेत असतील,’ असं त्या म्हणाल्या होत्या.

शांघायच्या शाळेत मला सगळ्यात आधी काय दिसलं असेल तर शिक्षकांची खोली. प्राथमिक शाळा, पण गणिताचे शिक्षक वेगळे. ते फक्त गणित शिकवतात, तेही दिवसाला साधारण दोन तास, एकेक तास पस्तीस मिनिटांचा. उरलेला वेळ सगळे गणित शिक्षक एका खोलीत, टेबलाला टेबल लावून बसलेले. सकाळच्या तासाच्या वह्या दुपारच्या आत तपासून होतात. ज्याला जमलं नाही त्या मुलाला त्याच दिवशी बोलावून, शेजारी उभं करून, जिथे अडलं तेवढंच समजावून सांगतात. उद्यावर ढकलत नाहीत, कारण उद्याचा धडा आजच्यावर उभा असतो. आठवड्यातून ठरलेल्या वेळी हे सगळे मिळून एखाद्याचा पाठ बघतात आणि नंतर त्याची चिरफाड करतात. नवखा शिक्षक असो की वीस वर्षांचा अनुभवी, कुणाची सुटका नाही.

मी परत आले, अहवाल लिहिला, शिक्षकांसमोर सादरीकरण केलं. सगळ्यांनी ‘छान, छान’ म्हटलं आणि कुणीही काहीही बदललं नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. अहवालानं शाळा बदलत असती तर महाराष्ट्र कधीच जगाच्या पुढे गेला असता.

मग शांघायचे दोन शिक्षक आमच्याकडे आले. त्यांनी आमच्याच तिसरीच्या वर्गाला, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांना, ‘पाव’ शिकवला. आसपासच्या शाळांचे मुख्याध्यापक बघायला आले होते, म्हणून पाठ हॉलमध्ये ठेवला होता. बाईंनी चौकोनी कागद घेतला, वेगवेगळ्या तऱ्हांनी घड्या घालून त्याचे चार भाग केले. मुलं खूश. मग त्यांनी चार भाग केलेला आणखी एक चौकोन दाखवला, पण यातले भाग लहानमोठे होते. ‘हा पाव आहे का?’ निम्म्या वर्गानं ‘हो’ म्हटलं. बाई गप्प राहिल्या. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, ‘तो तुकडा मोठा आहे, मग तो पाव कसा?’ त्यावर वर्गात जी चर्चा झाली, ती झाल्यावरच बाईंनी सगळ्यांकडून एक वाक्य पूर्ण म्हणवून घेतलं: पूर्ण वस्तूचे चार समान भाग केले, तर त्यातला प्रत्येक भाग पूर्णाचा पाव. आधी एकानं, मग सगळ्यांनी, मग परत एकानं.

मुलं एका सुरात बोलू लागली तशा आमच्या मुख्याध्यापिकेच्या भुवया वर गेल्या. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी मुखोद्गत होती. मी पाढे म्हणत वाढले. त्यामुळे मला त्या सुराचं वावडं नव्हतं. पण आमच्या शाळेत सूर आधी यायचा आणि अर्थ पुढेमागे कधीतरी, नशिबात असेल तर. इथे मुलांनी वाक्याला आधी चारी बाजूंनी ठोकून पाहिलं होतं. पस्तीस मिनिटांत उदाहरणं मोजकीच झाली, आणि तास संपताना विचार करायला लावणारा एक अवघड प्रश्न सगळ्यांना दिला. सगळ्यांना, हे मुद्दाम सांगते. कारण आमच्या इकडे तोवर पाच-सहा वर्षांच्या मुलांनासुद्धा हुशार, मध्यम आणि कच्ची अशा टेबलांवर वाटून बसवायची पद्धत होती. टेबलांना प्राण्यांची नावं द्यायची, जणू मुलांना कळतच नाही. कच्च्या टेबलाला सोपा कागद मिळायचा. तो सोपा कागद सोडवत ते मूल सहावीपर्यंत त्याच टेबलावर.

पाठापेक्षाही मुख्याध्यापकांना धक्का बसला तो नंतरच्या चर्चेत. शांघायच्या बाईंचे सहकारी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, लहानमोठ्या भागांचा चौकोन फार लवकर आला, आधी आणखी एक बरोबर उदाहरण हवं होतं. बाईंनी वहीत लिहून घेतलं, चेहऱ्यावर रेषही हलली नाही. आमच्याकडे कुणाचा पाठ बघितला की आधी दोन गोड गोष्टी सांगायच्या आणि मग एखादी सूचना, तीही जपून. त्यालाही कारण आहे. इथल्या तपासनीस संस्थेनं, ऑफस्टेडनं, एकेका तासाला श्रेणी देणं २०१४ मध्ये थांबवलं. तोपर्यंत पाठ बघायला कुणी आलं की पोटात गोळा यायचा. आपल्याकडे साहेबांच्या तपासणीच्या दिवशी शाळेत जे वातावरण असतं, तेच. अशा ठिकाणी पाठावर मोकळं बोलणं कुठून येणार?

शेवटी आमच्या मुख्याध्यापिकेनं दुभाष्याला विचारलं, ‘हे सगळं करायला तुम्हाला वेळ कधी मिळतो?’ उत्तर आलं, आम्ही दिवसाला दोन तास शिकवतो. हॉलमध्ये थोडा वेळ शांतता. इंग्लंडमधला प्राथमिक शिक्षक सगळे विषय शिकवतो. २००५ पासून त्याला तयारीसाठी शिकवण्याच्या वेळातला किमान दहा टक्के वेळ मोकळा मिळतो. तेवढंच. म्हणजे जे बघितलं त्याचं मूळ पाठात कमी आणि वेळापत्रकात जास्त होतं. वेळापत्रक शिक्षकाच्या हातात नसतं, मुख्याध्यापकाच्या हातात असतं. त्या दिवशी आमच्या मुख्याध्यापिका पहिल्यांदा माझ्या अहवालाकडे वळल्या.

पुढे काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण खरं काम तिथे आहे. गणिताचे वेगळे शिक्षक नेमायला पैसे नव्हते. मग गणिताचा एक तासाचा पाठ पंचेचाळीस मिनिटांवर आणला. त्यानंतर शाळेची सामूहिक सभा ठेवली, जी आधी सकाळी पहिल्यांदा व्हायची. सभेत मुलं हॉलमध्ये असताना वर्गशिक्षक वह्या चाळतो आणि कुणाला जमलं नाही ते बघतो. सभेनंतरची पंधरा मिनिटं त्या मुलांसाठी. बाकीची मुलं तोवर अवघड प्रश्न सोडवतात. यासाठी वह्यांत लांबलचक शेरे लिहिणं बंद केलं. आमच्याकडे शिक्षक रात्री बसून प्रत्येक वहीत तीन-तीन ओळी लिहीत, आणि मुलं त्या वाचतही नसत. मार्च २०१६ मध्ये सरकारनं नेमलेल्या एका गटानंच हा वह्या तपासण्याचा अतिरेक थांबवा असं सांगितलं, त्याचा आम्हाला आधार मिळाला. टेबलांचे गट मोडून बाकं फळ्याकडे तोंड करून लावली. त्यावर पालकांच्या तक्रारी आल्या: आमच्या हुशार मुलाला मागे खेचताय, शाळा शंभर वर्षं मागे नेताय. शाळेच्या व्यवस्थापनातल्या एका गृहस्थांनी तर ‘चिनी शिस्त’ हा शब्द वापरला. मुख्याध्यापिका ठाम राहिल्या. त्या स्वतः शांघायला गेल्या असत्या तर इतक्या ठाम राहिल्या असत्या का, मला शंका आहे. त्यांनी आपल्याच शाळेतली, आपल्या ओळखीची, गप्प बसणारी मुलगी बोलताना बघितली होती.

पाठ्यपुस्तकाची गंमत सांगायची राहिली. इंग्लंडमध्ये प्राथमिक गणिताला पाठ्यपुस्तक वापरणं मागासलेपणाचं समजलं जायचं. दहा वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम दहा टक्के मुलांचे शिक्षक पुस्तक मुख्य आधार म्हणून वापरत, सिंगापूरमध्ये ते प्रमाण सत्तर टक्के होतं. बाकी सगळे रात्री संगणकावरून कागद शोधून छापायचे. बालभारतीच्या पुस्तकावर वाढलेल्या मला इकडे आल्यावर हे बघून हसू यायचं. शांघायहून आल्यावर इंग्रजांनी पुन्हा पुस्तकं हातात घेतली. २०१६ मध्ये सरकारनं या पद्धतीसाठी ४.१ कोटी पौंड जाहीर केले आणि चार वर्षांत आठ हजार प्राथमिक शाळांपर्यंत पोचायचं ठरवलं.

निकाल काय लागला? शेफील्ड हॅलम विद्यापीठानं केलेलं मूल्यमापन २०१९ मध्ये आलं. ज्या शाळांनी खरोखर बदल केले, तिथे लहान वर्गांत, म्हणजे सात वर्षांपर्यंतच्या मुलांत, थोडा फायदा दिसला. अकरा वर्षांच्या मुलांत ठोस फरक दिसला नाही. आमच्या शाळेतही हेच झालं. पहिलीपासून या वाटेनं आलेली मुलं बरी निघाली. वरच्या वर्गात ज्यांचे पाये आधीच कच्चे होते, त्यांच्यासाठी सभेनंतरची पंधरा मिनिटं कुठे पुरणार? जादू झाली असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

शांघायचंही सगळं सोनं नाही. बाहेरगावाहून आलेल्या मजुरांच्या मुलांना तिथल्या घरनोंदणीच्या नियमांमुळे शहरात पुढचं शिक्षण घेणं अवघड जातं, आणि त्यामुळे पंधराव्या वर्षी चाचणीला बसणारी मुलं म्हणजे सगळं शांघाय नव्हे, ही टीका अभ्यासकांनी केलेली आहे. घरोघरी शिकवण्या असतात ते वेगळंच. शिवाय पाहुण्यांना दाखवतात ती शाळा दाखवण्यासारखीच असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. फिनलंडचंही तेच. २००६ मध्ये गणितात ५४८ गुण मिळवणाऱ्या फिनलंडला २०२२ मध्ये ४८४ मिळाले. जगभरचे लोक दौरे काढून ज्या वर्षांत तिथे जात होते, त्याच वर्षांत ही घसरण चालू होती.

आता गावाकडची गोष्ट. माझी वहिनी दोन शिक्षकी शाळेत आहे. मुख्याध्यापकाचं पद मंजूर नाही, ज्येष्ठ म्हणून प्रभार तिच्याकडे. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. मी शांघायचं सगळं सांगितलं तेव्हा तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ताई, वह्या त्याच दिवशी तपासायचं आम्हाला काय जड हाय? पण ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, आणि त्यात एखादं ट्रेनिंग लागलं की एक मास्तर कमी. तुमची ती पंधरा मिनिटं कुठनं काढायची ते सांगा, मग बाकीचं बघू.’ दुभाष्यामार्फत आमच्या मुख्याध्यापिकेनं विचारलेला प्रश्न हाच होता.

तिनं आणखी एक सांगितलं. दहा-बारा वर्षांपूर्वी साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातल्या, शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक लोटले होते. तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद वर्गात उतरवून दाखवला होता, मुलं स्वतः साहित्य हाताळत शिकत होती. बघून गेलेल्यांपैकी पुष्कळांनी परत जाऊन काय केलं? फरश्या रंगवल्या. वर्गणी काढून, पेंटर लावून, अंकचक्रं आणि शब्दडोंगर जमिनीवर काढून घेतले. त्या रंगाखाली शिक्षकांनी आपसात काय काय ठरवलं होतं, पाठ कसे बदलले होते, ते एका दिवसाच्या भेटीत दिसणार कसं? सातशे-आठशे किलोमीटरवरून आलेल्यांची ही गत, तर सिंगापूरहून येताना आपण काय आणू?

आणि हे सिंगापूर स्वतः काय करतं ते बघा. तिथल्या होऊ घातलेल्या मुख्याध्यापकांना राष्ट्रीय शिक्षण संस्थेत सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करावा लागतो. परदेशातल्या शाळांची भेट त्या सहा महिन्यांतला एक छोटा भाग असतो. आधी प्रश्न पक्का होतो, मग ते बघायला जातात, परत आल्यावर त्यावर काम चालू राहतं. आपल्याकडे आधी विमानाचं तिकीट निघतं.

आपण परदेशाकडून आधी काही घेतलंच नाही असंही नाही. दिल्लीच्या ‘नीपा’ या शिक्षण नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ मध्ये शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, त्याला मुख्याध्यापक घडवणाऱ्या, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या नॅशनल कॉलेजची मदत होती. गंमत अशी की ते नॉटिंगहॅमचं कॉलेज इंग्रजांनी आधी २०१३ मध्ये दुसऱ्या संस्थेत विलीन केलं आणि २०१८ मध्ये गुंडाळूनच टाकलं. आपलं केंद्र चालू आहे. दुसऱ्याची संस्था बघून आपली उभी करताना, तिकडे ती टिकते की नाही याची वाट बघत बसू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे की दौरे बंद करू नका, पण त्यांची दिशा बदला. राज्यातून दहा मुख्याध्यापक जाणार असतील तर पाचच पाठवा आणि उरलेल्या पैशांत तिकडचे पाच इकडे आणा. त्यांना पुण्या-मुंबईच्या सभागृहात भाषण करायला लावू नका. एखाद्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, साध्या शाळेत आपल्या मुलांना पाठ घेऊ द्या, दुभाष्या लागला तर लागू द्या, आणि त्या केंद्रातले सगळे मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख मागे बसू द्यात. दर महिन्याला केंद्रात शिक्षण परिषद होते, ती याच कामासाठी आहे. वहिनीच्या सांगण्याप्रमाणे परिषदेचा बराचसा वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि आकडे गोळा करण्यात जातो. दौऱ्याहून आलेल्यानं तिथे अहवाल वाचायचा नाही, पाठ घ्यायचा, आणि सगळ्यांनी तो सोलून काढायचा. जायला निवडताना बदलीच्या यादीत नाव असलेले आणि निवृत्तीला आलेले वगळा. आणि परत आलेल्या मुख्याध्यापकाला एक वर्ष तरी आपल्या शाळेचं वेळापत्रक, वह्या तपासण्याची पद्धत, परिपाठाची वेळ बदलायची लेखी मुभा द्या. ती देणार नसाल तर मग खरंच सहल म्हणा.

जे बघितलं ते जसंच्या तसं लागू पडेल अशी आशाही ठेवू नका. शांघायमध्ये सगळा वर्ग एकत्र पुढे जातो, कारण पहिलीपासून कुणाला मागे पडू दिलेलं नसतं. आपल्याकडे पाचवीतल्या मुलाला दुसरीचं वाचता येत नाही, असं ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचे अहवाल २००५ पासून सांगताहेत. तिथे ‘प्रथम’सारख्या संस्था मुलांचे स्तरानुसार गट करून शिकवतात आणि त्याचा उपयोग होतो. म्हणजे जे गट आम्ही इंग्लंडमध्ये मोडले, ते तुमच्याकडे काही काळ लागतील. हे ठरवायचं कुणी? ज्याला मुलं माहीत आहेत त्यानं. म्हणून तर मुख्याध्यापकाला पाठवायचं.

एक गोष्ट उलट्या दिशेची. इंग्लंडच्या खेड्यांतल्या छोट्या शाळांत तिसरी-चौथी एकत्र बसवावी लागते, आणि शांघायची पद्धत तिथे अडते, कारण शांघायच्या ज्या वर्गात आम्ही बसलो तिथे दोन इयत्ता एकत्र हा प्रकारच नव्हता. अशा एका शाळेच्या मुख्याध्यापकांना मी वहिनीबद्दल सांगितलं. ती एका इयत्तेला गणित देऊन दुसरीला भाषा कशी शिकवते, चौथीच्या मुलांकडून तिसरीच्यांचं कसं करून घेते, फळ्याचे दोन भाग कसे वापरते, हे त्यांना बघायचं आहे. भारतात दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा इंग्लंडमध्ये हिवाळ्यात सकाळचे दहा वाजतात, म्हणून येत्या डिसेंबरात त्या वेळेला व्हिडिओवर तिचा वर्ग त्यांना दाखवायचं ठरतं आहे. वरिष्ठांची परवानगी मागणारा अर्ज वहिनीनं दिला आहे.

आपली,
एक उपमुख्याध्यापिका, रेडिंग, इंग्लंड
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)